हेंद्रीबाबाचा उशीर

फार फार वर्षांमागं, सातपुड्याच्या पार उत्तरेला, नर्मदेकडे उतरणाऱ्या डोंगरांत पायवाटेशिवाय दुसरी वाट नव्हती. त्या काळी तिथं एक गोरा बिशप आला. बिशप म्हणजे सगळ्या पाद्र्यांचा मोठा. नाव त्याचं हेन्रिक. उंबरमाळच्या पावरा लोकांनी त्याचा हेंद्रीबाबा केला. खेचरावर औषधांची पेटी लादून तो पाड्यापाड्यानं फिरे. मोडलेलं हाड असं बसवी, की माणूस आपल्या पायांनी घरी जाई, असं म्हणतात.

खाली पठारावर बाबा बारा वर्षं एक मोठं चर्च बांधत होता. ते पुरं झालं, आणि त्याच आठवड्यात उंबरमाळात पटकी शिरली. ढाळ-उलट्यांनी माणसं सुकायला लागली. बाबा घरोघरी उकळलेलं पाणी पाजत हिंडत होता, तेवढ्यात चर्चच्या सोहळ्याचं बोलावणं आलं.

तो निघाला तेव्हा जामटी नावाची बाई वाटेत उभी राहिली. तिच्या दोन्ही मुली आजारी होत्या.

"बाबा, तू नको जाऊ. तुझ्या हातचं पाणी पोरी घेतात. माझ्या हातचं घेत नाहीत."

"चार दिवसांत येतो, जामटी. पाहुणे फार लांबून आलेत."

चार दिवस सोहळा चालला. पाचव्या दिवशी आभाळ फाटलं, ओढ्यानाल्यांना पूर आला, डोंगराची वाट बंद झाली. बाबा पोचला तो एकविसाव्या दिवशी. अकरा घरांच्या चुली विझलेल्या होत्या. जामटी दारात एकटी बसली होती. ती रागावली नाही.

"धाकटी तुझं नाव घेत होती," ती म्हणाली. "मी तिला सांगितलं, येतोच आहे."

तेवढंच बोलणं बाबाला जन्मभर पुरलं. त्यानं बोटातली बिशपची अंगठी काढली, ती पुन्हा घातली नाही. नव्या चर्चची घंटा उतरवली, खांद्यांवरून डोंगरात आणून उंबरमाळच्या खिंडीत टांगली. "कोणी आजारी पडलं की वाजवा," म्हणाला. तीन डोंगरांपलीकडून त्याला ती ऐकू येई, असं म्हणतात. तो निघाला की भरला पूर त्याच्या गुडघ्याला लागे, असंही म्हणतात.

पण जामटी तापानं फणफणली, तेव्हा घंटेकडे धावणाऱ्या शेजाऱ्यांना तिनंच अडवलं. "राहू दे. दुसऱ्या कोणाला त्याची गरज असेल."

बाबाला कळलं तेव्हा तिच्यावरची माती वाळली होती. एका दिवसात त्याचे केस पांढरे झाले, असं म्हणतात. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. गावानं त्याला केव्हाच माफ केलं होतं. त्यानं स्वतःला केलं नाही.

आजही उंबरमाळात कोणी अंथरुणाला खिळलेलं असलं, की सणासमारंभाला गावातून कोणी बाहेर पडत नाही. वरात निघालेली असली तरी थांबते. नवरदेव फेटा उतरवून आजाऱ्याच्या अंगणात बसतो, आणि तिकडे मांडवात नवरीकडचे विचारतात तेव्हा त्यांना निरोप जातो, "हेंद्रीबाबासाठी थांबलोय."