बिननावाचं पिल्लू

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. इतकी जुनी, की ती जिथं घडली ते रान नेमकं कुठं होतं हे आज कुणाला सांगता येत नाही. आणि कुणी सांगितलंच, तरी तिकडे जाऊ नये.

त्या रानाच्या कडेला मेंढपाळांची एक वाडी होती. तिथं सोजर नावाची बाई एकटीच राहायची. नवरा तापाने गेला होता, मूलबाळ नव्हतं. मागे राहिलेली मेंढरं, एवढंच तिचं जग होतं.

मेंढरांना राखण हवी म्हणून तिने डोंगरापलीकडून राखणीच्या जातीचं पिल्लू आणलं. ही कुत्री वाढली की वासराएवढी होतात. हे मात्र अजून मांडीत मावत होतं. पंजे तेवढे मोठाले, दुसऱ्या कुणाचे घालून आल्यासारखे.

वाडीची एक रीत होती. राखणीच्या पिल्लाचं वर्षभर नाव ठेवायचं नाही आणि त्याला काही शिकवायचंही नाही. लोकर कातरायच्या दिवशी गळ्यात लोकरीचा गोंडा बांधून नाव ठेवायचं, मग शिकवायला घ्यायचं. लहानपणी हटकलं तर कुत्रं भित्रं निघतं, असं सगळे म्हणत. आणि सगळे म्हणतात म्हटल्यावर खरंखोटं बघतो कोण?

फक्त म्हाताऱ्या धुळाबाला हे पटत नसे. त्याचा जन्म कुत्री वाढवण्यात गेला होता.

"पोरी, आलं त्या दिवसापास्नं शिकवायचं असतंय," तो सोजरला म्हणाला. "मारायचं न्हाई, वरडायचं न्हाई. घास द्यायच्या आधी हाक मार. आलं की पाठीवरनं हात फिरव. रोज थोडंच, पण रोज. मांडीत मावतंय तवर तुझं ऐकंल. थोराड झाल्यावर तू त्याला वढणार, का ते तुला?"

"आत्ता कुठं आईचं दूध सुटलंय त्याचं, आबा. खेळू द्या की," सोजर हसून म्हणाली.

"तू न्हाई शिकवलंस तर दुसरं कोनतरी शिकवंल," धुळाबा म्हणाला आणि रानाकडे पाठ करून बसला.

पिल्लू वाढू लागलं. दुपारी मेंढरं सावलीला टेकली की ते रानाच्या कडेला जायचं. एकदा सोजर त्याच्या मागोमाग गेली. पिल्लू झाडीकडे तोंड करून ताठ बसलं होतं. मग ते आडवं झालं. मग उठून पुन्हा बसलं. दर वेळी आधी रानातून एक बारीक शीळ येत होती. पाखरू असेल, असं सोजरला वाटलं. पण त्या घडीला रानात एकही पाखरू बोलत नव्हतं.

तिला कौतुकच वाटलं. "आमचं पिल्लू आपलं आपणच शिकतंय बघा," असं तिने शेजारणीला सांगितलं. त्या दिवशी पिल्लाने भाकरीला तोंड लावलं नाही. त्याचं पोट भरलेलं होतं. कुणी भरवलं असेल, हे तिच्या मनात आलं, पण तिने ते हसण्यावारी नेलं.

लोकर कातरायचा दिवस आला. भर दुपारी वाडी जमली. कुत्रा आता सोजरच्या कमरेला लागत होता. तिने त्याच्या गळ्यात पांढरा गोंडा बांधला आणि हाक मारली, "काजळ्या."

त्याचा कानही हलला नाही. तिने पुन्हा हाक मारली.

तेवढ्यात रानातून शीळ आली, आणि शिळेमागोमाग कुणीतरी हळूच एक नाव उच्चारलं. ते नाव काय होतं, हे नंतर कुणालाच आठवेना. पण कुत्र्याने शेपूट हलवली, ती सगळ्यांनी पाहिली. त्याचं नाव आधीच ठेवलेलं होतं.

कुत्रा उठला. त्याने मेंढरांभोवती फेरी घातली, सगळी गोळा केली आणि रानाकडे वळवली. ती त्याला सरावलेली होती, मुकाट निघाली. सोजर आडवी धावली, तर तो मधे उभा राहून गुरगुरला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राखणीचा कुत्रा परक्या माणसाकडे बघतो तसा तो तिच्याकडे बघत होता. काम तो चोखच करत होता, फक्त ते तिचं नव्हतं.

काठ्या घेऊन आलेली माणसंही जागीच थबकली. झाडीत थोडा वेळ मेंढरांच्या घंटा वाजत राहिल्या, मग सगळ्या एकदम थांबल्या.

सोजर मातीत बसून रडली. धुळाबा जवळ येऊन बसला. मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. त्याने तिला आपली मेंढरं चारायला दिली, आणि काही दिवसांनी तिच्या मांडीत एक नवं पिल्लू ठेवलं.

पहिला घास द्यायच्या आधीच सोजरने हाक मारली, "सोबत्या." पिल्लू धडपडलं, पण आलं. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग रोज हाक, रोज घास, रोज हात. रीत मोडली म्हणून वाडी कुजबुजली, तिने लक्ष दिलं नाही.

पुढे एका दुपारी पुन्हा ती शीळ आली. पिल्लाचे कान उभे राहिले. झाडीत काहीतरी मोठं, काळं, ताठ बसलं होतं. त्याच्या गळ्यात मळलेला लोकरीचा गोंडा होता. पिल्लाने बराच वेळ तिकडे पाहिलं.

"सोबत्या," ती हळूच म्हणाली.

पिल्लू वळलं, दुडदुडत आलं आणि तिच्या पायावर हनुवटी टेकून निजलं. झाडीतलं ते काळं मात्र अंधार पडेपर्यंत तसंच बसून होतं.

तात्पर्य: पिल्लाला पहिल्या दिवसापासून आपण मायेने शिकवलं नाही, तरी ते शिकतंच, फक्त मग ते आपलं राहत नाही.