रोपांची एकादशी

"बुवा, खरं सांगा, यांना घातलंत तरी काय?"

स्वरूपाने अजून चप्पलही काढली नव्हती. मठाच्या ओसरीपुढे, भर उन्हात, डाळिंबाची बारा रोपं कुंड्यांत उभी होती. एकूण एक टवटवीत. एकाला तर लालभडक कळी!

तिला रडावं की नाचावं कळेना.

याच रोपांची भावंडं कॉलेजच्या काचघरात होती, सगळी एकाच झाडाच्या पेशींपासून वाढवलेली. रविवारी वीज गेली, पंखे थांबले आणि दुपारपर्यंत झाडून सगळ्यांनी माना टाकल्या. तीन वर्षांचं संशोधन! शुक्रवारी परीक्षक येणार, आणि दाखवायला उरली ती एवढीच. काचघरात जागा पुरेना म्हणून दिवाळीत गुंडाबुवांकडे ठेवलेली.

"काय घालणार? शेणखत. अन् पाणी."

"मी लिहून दिलं होतं तसंच ना? रोज अर्धा लिटर?"

"तो कागद होय... त्यात शेंगा बांधून दिल्या कुणाला तरी."

मागे मोर केकाटला. स्वरूपा केवढ्याने तरी दचकली. बुवा मिशीत हसले.

"हे बघ पोरी. एकादशीला मी पाण्याचा थेंब घेत न्हाई. चाळीस वर्षं झाली. आजबी एकादशीच हाय. मग मठातल्या झाडांनी का घ्यावा? समद्यांना निर्जळी."

"रोपांना... उपास?"

"पंधरा दिवसांतनं एकदा. मरत न्हाईत."

स्वरूपा मटकन पायरीवर बसली. मग एकदम बोलत सुटली.

"अहो बुवा, म्हणजे तेच! झाडाच्या पेशीपेशीत जनुकं असतात. त्यांतलं एक, पाण्याची ओढ लागली की जागं होतं. पानांची बारीक छिद्रं मिटून घ्यायला लावतं, ओल आतच राहते. गेल्या महिन्यात इथली चार पानं नेऊन मी तपासली, तर ते टक्क जागं! का, ते काही केल्या कळत नव्हतं."

"अन् तुझ्या काचघरातल्या रोपांत ते न्हवतं?"

"होतं ना. तेच..." तिचा आवाज खाली आला. "पण झोपलेलं."

"झोपंल न्हाई तर काय! तू रोज अर्धा लिटर अंगाई म्हणत हुतीस."

तिचे कान लाल झाले. आणि मग, तीन दिवसांत पहिल्यांदा, ती खळखळून हसली.

टेम्पोत कुंड्या चढल्या. कळीवालं रोप शेवटी राहिलं. स्वरूपाने आभाळाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. दोनशे किलोमीटर... हे ऊन... वाटेतच मान टाकली तर?

तिने हळूच पिशवीतली बाटली काढली. झाकण उघडलं.

"एकच घोट, बुवा. फक्त आजच्या दिवस."

बुवांनी तिच्या हातातून बाटली घेतली, तोंडाला लावली आणि घटाघटा पिऊन टाकली. शेवटच्या थेंबापर्यंत.

"बुवा! अहो, एकादशी...! चाळीस वर्षांचा उपास मोडलात!"

बुवांनी पंच्याने दाढी पुसली. रिकामी बाटली तिच्या हातात दिली.

"माझा मोडला तर मोडला. मला कुठं शुक्रवारी परीक्षेला बसायचंय?"