केसभर फरक

फार पूर्वी, वस्तूंना वाचा होती तेव्हा, एका कॅमेऱ्यावर नवं भिंग बसवलं. कॅमेऱ्याच्या खिडकीत प्रत्येकाच्या दोन प्रतिमा दिसत. भिंगानं फिरून त्या एकावर एक आणल्या, की फोटो स्पष्ट येई. भिंग हुशार होतं, म्हणजे सतत शंका काढणारं.

वैद्यांनी आशा सोडलेल्या एका बाळाचा एकही फोटो नव्हता. त्याला मांडीवर घेऊन आई कॅमेऱ्यासमोर बसली. ते चुळबुळत होतं.

“टिपू का?” कॅमेऱ्यानं भिंगाला विचारलं.

“थांब दादा, केसभर फरक आहे.”

बाळ हसलं.

“अरे, हसतंय ते. जरा पुसट आलं तर आई काय फोटो परत करणार आहे?”

“डोळे पुसट आले तर तिला जन्मभर टोचेल. थांब.”

शेवटी दोन्ही प्रतिमा तंतोतंत जुळल्या आणि तशाच राहिल्या.

“टिप आता,” भिंग म्हणालं. “बघ, अजिबात हलत नाहीये.”

कॅमेऱ्याला खिडकीतून आईचा चेहरा दिसत होता. त्यानं टिपलं नाही.