पांघरलेलं कातडं

मेंढरांची बोली माणसांना कळायची, तेव्हाची गोष्ट. भुरी नावाचं कोकरू जन्मताच पोरकं झालं. धनगरानं एका मेंढीच्या मेलेल्या पिल्लाचं कातडं भुरीच्या अंगावर बांधलं. आपल्या पिल्लाच्या वासाला भुलून त्या मेंढीनं तिला पाजलं.

पुढे कातडं निघालं, पण भीती राहिली. मोठी झाली तरी भुरी कुणाला खेटून बसेना. आपला खरा वास कळला तर हाकलतील, म्हणून कळपापासून चार हात लांबच चरायची.

म्हातारपणी मेंढी आजारी पडली, तेव्हा भुरी लांबूनच म्हणाली, "आई, मी तुझी नव्हते गं."

"कातडं तर दुसऱ्याच दिवशी वाळलं होतं, बाळा. पुढे तुझाच वास घेत तुला पाजलं."

मोठेपणी पहिल्यांदाच भुरी आईला टेकून बसली. आईचं अंग तोवर गार पडत चाललं होतं.