पाकोळीच्या डोळ्यांवरचं फडकं

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पंचांनी कर्णा तोंडाला लावला आणि सगुणानं आपल्या घोडीच्या, पाकोळीच्या, झापडांवर हात ठेवला. "ऐका हो! घोड्याच्या डोळ्यांवर झापडं, फडकं, काहीही चालणार नाही. आत्ताच काढून ठेवा."

त्याचं असं झालं होतं. एका गावात गेनू नावाचा एक घोडेवाला राहत होता. लग्नाच्या वरातीला घोडे पुरवायचे, हा त्याच्या घरचा बापजाद्यांपासूनचा धंदा. वरातीत फटाके फुटतात, बत्त्या डोळ्यांवर येतात. घोडा बिथरला तर नवरदेव थेट गटारात. म्हणून त्या घरची रीतच होती, की घोड्याला कातडी झापडं लावायची आणि फारच भीतीची जागा आली तर वरून फडकं टाकायचं. मग घोडा निमूट धन्याच्या आवाजावर चालायचा.

गेनूची लेक सगुणा, वय सतरा. पाकोळीची आई विताना मेली, तेव्हा सगुणानंच ते शिंगरू बाटलीनं दूध पाजून जगवलं. आता पाकोळी अंगानं भरली होती, पण अक्कल अजून शिंगराचीच. गेनूला ती वरातीला काढायची होती. त्यावर रुसून सगुणा दोन वेळा जेवली नाही, तेव्हा तो म्हणाला, "यात्रेत एका दिवसाची शर्यत असते ना? तिन्ही फेऱ्या पुऱ्या कर. केल्यास तर घोडी तुझ्या स्वारीला. नाही तर तुळशीचं लग्न झालं की वरातीला. मग भोकाड पसरायचं नाही."

ती शर्यत सोपी नव्हती. सकाळी रिंगणात शिस्तीत चालून दाखवायचं, मग माळावरचे बांध, ओंडके आणि नाला ओलांडत धावायचं, आणि दुपारी रंगीत दांड्यांवरून उड्या. घोडा तोच, स्वार तोच, दिवस तोच. पाकोळी सगळं शिकली, पाणी सोडून. पाणी दिसलं की ती चारी पाय रोवायची. सगुणाला तिचं थरथरणं बघवायचं नाही. मग तिनं घरची रीत वापरली. झापडं तर पाकोळीला रोजचीच होती. घरामागच्या अरुंद ओहोळाशी आली की डोळ्यांवर फडकं टाकायची आणि "हुप!" म्हणायची. पाकोळी खुशाल उडी घ्यायची. सगुणाला वाटलं, घोडीची भीती गेली.

आणि आता पंच म्हणत होते, काढून ठेवा!

झापडं निघाली तशी पाकोळीला सगळं जगच नवं दिसायला लागलं. पंचांच्या टेबलावरचा टेबलक्लॉथ हलला, ती उडाली. एका म्हातारीनं छत्री उघडली, ती आडवी पळाली. शेजारच्या गावचा सर्जेराव आपल्या मुरलेल्या घोड्यावरून हसला, "काय गं सगुणा, शर्यतीला आलीस का नवरदेव शोधायला?"

"तुझा घोडा म्हातारा झालाय, त्याला विचार आधी, घरी पोचशील का," सगुणा म्हणाली. आणि तिनं पाकोळीला रिंगणाकडे वळवलं. कशीबशी रिंगणातली फेरी पार पडली.

माळावर मात्र पाकोळी वाऱ्यासारखी सुटली. बांध ओलांडला, ओंडका ओलांडला. सगुणाला वाटलं, जमतंय की! आणि समोर नाला आला. पाकोळी अशी थांबली, की सगुणा तिच्या मानेवर जाऊन आदळली. पुन्हा वळवून आणली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा अडली की बाद, असा नियम होता. बाद म्हणजे वरात, फटाके आणि पाकोळी.

सगुणानं मागंपुढं पाहिलं. नाल्यावर नेमलेला माणूस पुढच्या वळणावर पडलेल्या कुणाला तरी उठवायला गेला होता. बाभळींच्या आड चिटपाखरूही नव्हतं. तिनं कमरेची ओढणी सोडली आणि पाकोळीच्या डोळ्यांवर आवळून बांधली. थरथर तिथल्या तिथं थांबली. "हुप!" सगुणा ओरडली.

पाकोळीनं उडी घेतली. घरच्या ओहोळाएवढीच घेतली, कारण तिला तेवढीच ठाऊक होती. हा नाला त्याहून दुप्पट रुंद, आणि मधे खोल डोह. पुढचे पाय पलीकडच्या दगडावर आपटले आणि दोघी धाडकन पाण्यात कोसळल्या.

सगुणा पाण्यातून वर आली आणि तिनं वळून पाहिलं. ओली ओढणी पाकोळीच्या डोळ्यांना आणि नाकाला चिकटली होती. ती उठायची, पडायची, पुन्हा उठायची. वर कुठं, खाली कुठं, तिला काही कळत नव्हतं. सगुणानं घाबरून हाक मारली. तशी ती आंधळी घोडी काठाकडे पाठ करून, खोल डोहातून सरळ तिच्या आवाजाकडे यायला लागली. नाकपुड्या पाण्याखाली गेल्या तरी येत राहिली. सगुणाच्या मनात आलं, आगीत उभं राहून हाक मारली असती, तरी ही आली असती!

सगुणा पोहत गेली, दातांनी गाठ सोडली, ओढणी ओढून काढली. पाकोळीनं डोळे उघडले, पलीकडचा काठ पाहिला आणि धडपडत बाहेर पडली. गुडघे सोलून रक्त येत होतं.

तेवढ्यात नाल्यावरचा माणूस धावत आला. "पडलीस काय? असू दे, पलीकडे तर आलीस ना! चढ लवकर, वेळ आहे अजून!"

त्यानं काहीच पाहिलं नव्हतं. सगुणानं रिकिबीला हात लावला. मग काढून घेतला.

"दादा, मी तिचे डोळे बांधले होते," ती म्हणाली. "माझं नाव खोडा."

तो पंचांकडे पळाला. कर्ण्यावर तिचं नाव बाद म्हणून पुकारलं गेलं. लोक हळहळले, काही हसले. सगुणा पाकोळीच्या गळ्यात हात टाकून उथळ पाण्याशी उभी राहिली. ओढलं नाही, दामटलं नाही. पाकोळी फुरफुरली, मागं सरली, पुन्हा वास घेतला. बऱ्याच वेळानं तिनं एक खूर पाण्यात टाकला.

गेनू धापा टाकत आला. लेकीला चाचपून पाहिलं, घोडीचे गुडघे पाहिले आणि तिच्या पायाशी उकिडवा बसला.

"आबा, शब्द म्हणजे शब्द," सगुणा म्हणाली. "पाकोळी वरातीला जाईल."

गेनूनं ओली ओढणी उचलून पिळली. मग म्हणाला, "जाईल की. पण उघड्या डोळ्यांनी. आधी पाणी शिकू दे, मग बत्त्या, मग फटाके, एकेक, तू जवळ असताना. सगळं शिकली की सांग मला. घाई नाही. माझी हयात गेली तरी घाई नाही."

तात्पर्य: ज्याच्यावर आपली माया आहे त्याचे डोळे झाकले, तर त्याची भीती जात नाही, ती फक्त आपल्याला दिसेनाशी होते. घोडी असो नाहीतर लेकरू, त्याच्याजवळ उभं राहावं आणि त्याला बघू द्यावं. तुमच्या शेजारीपाजारी कुणाच्या घरी वाढतं लेकरू असेल, तर तेवढी ही गोष्ट त्यांच्या कानावर घाला.