सांडग्यांवरून उगवलेली भिंत

एकदा काय झालं, एका टेकडीवर दोनच घरं होती. एकात राहायची ठकू, दुसऱ्यात सगुणा. चुली दोन, पण अंगण एक.

एके दिवशी सगुणेनं अंगणात सांडगे वाळत घातले. ठकूच्या कोंबड्यांनी ते मटकावले. कोंबड्याच त्या, त्यांना काय कळतंय कुणाचे सांडगे! पण सगुणा म्हणाली, "कोंबड्या मालकिणीवर गेल्यात. हावरट!" ठकू कसली गप्प बसतेय? ती म्हणाली, "तुझे सांडगे कोंबड्यांनीच खावेत. माणसाच्या तोंडचे नव्हेतच ते!"

आणि काय नवल! अंगणाच्या मधोमध भिंत उगवली. टोचून बोललं की भिंत वाढायची. मग काय, दोघींच्या तोंडाचा पट्टा सुटलेला. भिंत गुडघ्याला आली, मग कमरेला आली, मग पार आभाळाला टेकली. ठकूच्या घरात ऊन येईना.

त्या गारठ्यात ठकूची म्हातारी सासू आजारी पडली. काही खाईना. "दहीभात असता तर दोन घास खाल्ले असते गं," म्हणाली. पण ठकूचं विरजण नासलेलं. दही लागणार कसं?

मग ठकूच्या नवऱ्यानं भिंतीवर पहार घातली. पहारच वाकली. मग राजानं हत्ती पाठवला. हत्तीनं डोकं लावून पाहिलं, आणि सावली बरी आहे म्हणून तिथेच निजला. हसू नका, ऐका.

मग ठकू स्वतः भिंतीशी गेली. पहार उचलण्यापेक्षा ते जड होतं, बरं का. म्हणाली, "सगुणे, आत्याबाईंच्या पोटात अन्न नाही गं. जरा विरजण देतेस?"

आता विरजणाला शेजारणीनं नाही म्हणायचं नसतं. सगुणेचं तोंड 'नाही' म्हणायला उघडलं, तोवर हातानं वाटी उचललीसुद्धा होती! "अगं, कधीपासून जेवल्या नाहीत त्या? आधी का नाही बोललीस?" म्हणाली, आणि तिला रडूच आलं. ठकूही रडली. भिंत सरसर खाली आली. वाटी पलीकडे गेली.

सकाळी छान दही लागलं. म्हातारी पोटभर जेवली.

गुडघाभर भिंत मात्र उरली. दोघी तिच्यावर बसून भाजी निवडायच्या. भांडायच्याही, पण जरा जपून. अशी ती माणसं सुखानं राहिली.

चला, आता तुम्ही दोघं ती मधे ठेवलेली उशी काढा, आणि झोपा.