तळघराची कोरडी फरशी

ही गोष्ट खरं तर मी सांगायची नव्हती. वर्गाचं हस्तलिखित पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगू नकोस, असं बाईंनी बजावलं होतं. पण राहवत नाही, म्हणून सांगते.

फार पूर्वी नदीकाठी एक विद्यापीठ होतं. तिथला सगळा कारभार कुलगुरू आणि चार आचार्य दार लावून ठरवत. विद्यार्थी आणि सेवक बाहेर थांबत. दार उघडलं की काय ठरलं ते त्यांना कळे.

एकदा माडीला वाळवी लागली. तिथल्या पोथ्या शेकडो वर्षांच्या, आणि दुसरी प्रत कुठेच नाही. आचार्य तळघर पाहून आले. फरशी स्वच्छ, कोरडी ठणठणीत. बैठक झाली, दार उघडलं. "उद्या सगळ्या पोथ्या तळघरात हलवा."

झाडलोट करणाऱ्या मावशी शेजारच्या विद्यार्थिनीला हळूच म्हणाल्या, "आता पोथ्यांचा लगदा होणार बघ."

"म्हणजे?"

"अगं, रोज पहाटे नदीचं पाणी झिरपतं तिथे. घागरीच्या घागरी उपसते मी. आचार्यांच्या नजरेला केरसुणी पडू नये असा इथला रिवाज. ते येण्याआधीच पुसून मोकळी होते."

"मग सांगा ना त्यांना!"

"मला कोण विचारतंय, बाळा?"

विद्यार्थिनीने हात वर केला. "गुरुजी, मावशींना काही सांगायचंय."

मावशींचं बोलणं ऐकून एक आचार्य हसले. "वा! आता केरसुणी आम्हाला शास्त्र शिकवणार!"

"शास्त्र तुमचंच, महाराज," मावशी म्हणाल्या. "मी फक्त उद्या तळघर पुसत नाही. सकाळी येऊन बघा."

कुलगुरूंच्या मनात आलं, दिलेला हुकूम मागे घेतला तर लोक हसतील. आणि नाही घेतला तर?

"उद्या पोथ्या हलवायच्या नाहीत," ते म्हणाले.

सकाळी कुलगुरू तळघराची शेवटची पायरी उतरले आणि घोटाभर पाण्यात उभे राहिले. काल हसलेले आचार्य धोतर सावरत उलट्या पावली वर पळाले. कुलगुरूंचे पाय गारठले होते, पण जीव भांड्यात पडला होता. पोथ्या अजून माडीवरच होत्या.

त्यांनी सगळ्यांना बैठकीत बोलावलं. "मावशी, मग ठेवायच्या कुठे?"

"स्वयंपाकघराच्या माळ्यावर. धुराने वाळवी फिरकत नाही."

"पण पानं काळी पडतील," विद्यार्थिनी म्हणाली. "आम्ही जाड कापडात बांधू."

"गाठी मी मारतो," तेच आचार्य खाली मान घालून म्हणाले. मग मात्र सगळेच हसले.

तात्पर्य: ज्यांना निर्णय निभवायचा असतो, त्यांना तो घेण्याआधी विचारावं. आणि विचारल्यावर नुसती मान डोलवू नये, तर त्यांचं म्हणणं... आले गं आई, आले!